वयाची गणना: लागलेले वर्ष आणि पूर्ण झालेले वर्ष

मनुष्याचे वय मोजण्याच्या ज्या रीती जगात रूढ झाल्या, त्यांचे मुख्यतः दोन वर्ग पडतात. पहिल्या रीतीत चालू असलेले वर्ष मोजले जाते, म्हणजे जन्मलेले मूल त्याच दिवशी आपल्या पहिल्या वर्षात असते; दुसऱ्या रीतीत सरलेली वर्षेच धरली जातात, त्यामुळे पहिला वाढदिवस येईपर्यंत वय महिन्यांतच सांगावे लागते. इंग्रजी भाषकांचा व्यवहार दुसऱ्या रीतीने चालतो आणि एकोणिसाव्या वाढदिवसानंतर अकरा महिने लोटले तरी ती व्यक्ती एकोणीस वर्षांचीच म्हणवली जाते. कोरियात याउलट जन्मतःच एक वर्ष धरून प्रत्येक नववर्षदिनी सर्वांच्या वयात एकाची भर घालण्याची प्रथा होती. दक्षिण कोरियाने जून २०२३पासून शासकीय आणि दिवाणी व्यवहारांत कायद्याने पूर्ण वर्षांची गणना ठरवून दिली.

मराठी समाजात या दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात. ‘सोळावे लागले’ याचा अर्थ पंधरा पूर्ण झाली असा होतो, आणि ऐकणाऱ्याला तो सहज कळतो. परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१३चा आणि मृत्यू ७ सप्टेंबर १९५३चा. ते चाळीस वर्षांचे होऊन गेले असे म्हटले काय किंवा एक्केचाळिसाव्या वर्षी गेले असे म्हटले काय, दोन्ही विधाने खरीच ठरतात. जन्मतारीख ठाऊक असली की रीतींतील अंतर निरुपद्रवी राहते.

परंतु मराठवाड्यातील कित्येक वृद्धांना आपली जन्मतारीखच ठाऊक नाही. १९४८पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि तेथील सरकारी दप्तरात फसली सन, म्हणजे महसुलाच्या सोयीसाठी पिकांच्या हंगामाशी जोडलेला सन, चालत असे. त्याच्या आकड्यात ५९० मिळवले की इसवी सनाचे वर्ष ढोबळमानाने मिळते. खेड्यांत मात्र तोही आकडा कोणाच्या स्मरणात नसे, आणि मुलाचा जन्म रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र दलाच्या, धामधुमीत झाला की पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे १९४८च्या भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर, एवढेच सांगितले जाई. पुढच्या पिढीला १९७२च्या दुष्काळाने अशीच खूण पुरवली. शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने वर्ष ठरवत आणि शाळा जूनमध्ये उघडत असल्याने १ जून ही तारीख लिहीत, म्हणून त्या काळातील असंख्य दाखल्यांवर हाच जन्मदिवस आढळतो. जनगणनेतही शून्य किंवा पाच या अंकांनी संपणाऱ्या वयांवर लोकांची गर्दी होत आली आहे, कारण ज्याला नेमके वय ठाऊक नाही तो चाळीस किंवा पंचेचाळीस असाच आकडा सांगतो.

कायदा मात्र पूर्ण झालेले वर्षच ओळखतो. राज्य शासनाच्या श्रावणबाळ या वृद्धांसाठीच्या निवृत्तीवेतनासाठी पासष्ट वर्षे पूर्ण झाल्याचा पुरावा लागतो, आणि दाखल्यावर वय कमी लागले असेल तर थकलेल्या शेतमजुराला हक्काच्या रकमेसाठी वाट पाहत बसावे लागते. याहून गंभीर प्रश्न मुलींच्या विवाहाचा आहे. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण न झालेली मुलगी बालक ठरते, तर घरातील बोलण्यात ‘अठरावे लागले’ म्हणजे मुलगी लग्नाला आली असे समजले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयोगटातील सुमारे ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झाल्याचे आढळले. दारिद्र्य, ऊसतोडीचे स्थलांतर आणि शाळा सुटणे ही त्यामागची मोठी कारणे आहेत आणि वयाच्या गणनेवर तो सारा भार टाकता येणार नाही. तरीही लागलेल्या वर्षाला पूर्ण मानण्याची सवय या अन्यायाला सोयीची सबब पुरवते, हे नाकारता येत नाही.

म्हणून बोलण्यातील जुनी रीत सोडून देण्याचे कारण नाही, पण जेथे वयावर हक्क अवलंबून असतो तेथे पूर्ण वर्षांचाच हिशेब धरला पाहिजे. जन्म-मृत्यू नोंदणी १९६९च्या कायद्याने सक्तीची झाली आहे. नियमाप्रमाणे एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जन्माची नोंद करून दाखला जपून ठेवणे, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या लेकरासाठी, आणि विशेषतः लेकीसाठी, पार पाडावयाचे पहिले कर्तव्य आहे.