आभार कोणाचे मानायचे?



आभार मानल्याने तब्येत सुधारते म्हणतात. त्यात तथ्य आहे. एमन्स आणि मॅककलो यांनी २००३ साली अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. १० आठवडे, दर आठवड्याला ५ चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्यांनी कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा दुखण्याच्या तक्रारी कमी सांगितल्या. अर्थात ते विद्यार्थी होते, हजार बिड्या वळून पाठ धरलेल्या बाया नव्हत्या!

आपल्याला तर जन्मापासून ऐकवतात, उपकार माना. नवऱ्याचे, मालकाचे. मी ते सांगायला आलेले नाही. बिड्या छाट म्हणून काढल्या तर हिशेब मागायचाच. तंबाखूच्या धुळीने खोकला लागला तर दवाखाना गाठायचाच.

पण इथे सोलापूरजवळ, कुंभारीला, गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या वसाहतीत २००६ साली बिडी कामगार बायांची १०,००० घरं उभी राहिली, ती बायांनी एकमेकींचा हात धरून मागणी लावून धरली म्हणून. तिथली बाई आधी आभार मानेल ते सोबतिणीचे.

म्हणून रात्री पाठ टेकली की आठवा, आज आपल्यासाठी कोणी पानं कापली, कोणी पोर सांभाळलं. सकाळी तिला तसं सांगा. ती म्हणेल, "अगं, तुला झालंय काय?" म्हणू द्या.