राखणीच्या कुत्र्याला इजा झाली तर



रानडुकरांचा उपद्रव असलेल्या भागात रात्रीची राखण निम्मी कुत्राच करतो. पण बैलाच्या पायात काटा गेला तर आपण धावतो, आणि कुत्रा लंगडत आला तर 'चाटून बरं करील' म्हणून सोडून देतो. दवाखाना लांब असतो, अपघात नेमका रात्री होतो. दवाखाना गाठेपर्यंतचा वेळ मात्र आपल्या हाती असतो. त्याची तयारी आधीच कशी करावी, तेवढेच आज सांगतो.

एका वस्तीवर ट्रॅक्टरखाली पाय सापडलेल्या कुत्र्याला मालकाने मायेने पोटाशी धरले. पाच वर्षे त्यांच्या हातची भाकरी खाल्लेल्या कुत्र्याने त्यांच्याच मनगटाचा लचका तोडला. दोष कुत्र्याचा नाही. वेदनेने बेभान झालेले जनावर धनी ओळखत नाही. म्हणून पहिले काम तोंड बांधण्याचे. जुन्या धोतराची दोन बोटे रुंद, चार-पाच फूट लांब पट्टी घ्यावी. मध्ये सैल फास करून तो तोंडावर टाकावा आणि आवळावा. टोके हनुवटीखाली नेऊन पुन्हा गाठ मारावी, मग कानांमागे सुरगाठ बांधावी. निरगाठ नको, प्रसंगी ती झटकन सुटली पाहिजे. मात्र कुत्रा ओकत असेल, धापा टाकत असेल, बेशुद्ध असेल किंवा नाकातोंडातून रक्त येत असेल तर तोंड मुळीच बांधू नये, गुदमरेल. अशा वेळी अंगावर घोंगडी टाकून धरावे, हात तोंडापासून लांब ठेवावा.

एवढे करूनही दात लागलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. लाळ गाळणारा, वागणे बदललेला कुत्रा असेल तर हातच लावू नये. पिसाळल्याचा रोग एकदा दिसू लागला की माणूस सहसा वाचत नाही.

आता डबा. त्यात स्वच्छ सुती कापड, बँडेज, कात्री, हातमोजे, साबण, बॅटरी आणि पोव्हिडोन आयोडीन ठेवावे. झाकणाच्या आत कागद चिकटवून पशुवैद्यकाचा फोन, १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक, रेबीजची लस टोचल्याची तारीख आणि कुत्र्याचे वजन लिहावे. डॉक्टर औषध वजनावर देतात. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि आपले वजन वजा करा, झाले. आपली अंगदुखीची गोळी मात्र डब्यात नको. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखे बाधू शकते.

रक्त वाहत असेल तर कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच ते दहा मिनिटे घट्ट दाबावे. थांबले का म्हणून सारखे उचलून पाहू नये. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. हळद, चुना, रॉकेल यांतले काही जखमेत भरू नये. डॉक्टरांना आधी तेच धुवत बसावे लागते.

उंदराचे औषध किंवा फवारणीचे विष पोटात गेले तर मीठपाणी, तेल, दूध पाजू नये. झिंक फॉस्फाइडचा पोटात विषारी वायू होतो, ओकारीतून तो आपल्यालाही बाधतो. कुत्रा मोकळ्या हवेत ठेवावा आणि औषधाचे पाकीट सोबत न्यावे. उपचार त्यावरच ठरतो. साप चावल्यास चिरू नये, दोरी आवळू नये. कुत्र्याला चालवू नये, उचलूनच न्यावे. उचलताना फळी किंवा बाज वापरावी.

शेवटी एक काम आजच करा. कुत्रा धडधाकट असतानाच दोन-चार वेळा त्याच्या तोंडाला पट्टी बांधून लगेच सोडा आणि भाकरीचा तुकडा द्या. त्याला सवय होते, आपल्या हातालाही होते. पट्टी परत डब्यात ठेवा आणि डबा कुठे आहे ते घरात सगळ्यांना दाखवा.