मूत्रपिंडाचा अडसर आणि फेरतपासणीचा संकेतांक
(आरोग्यविषयक व्याख्यान)



मूत्रपिंडातील मूत्र मूत्रवाहिनीने मूत्राशयाकडे उतरते. ही नळी आरंभीच अरुंद असल्यास मूत्र तुंबते व मूत्रपिंड फुगते. कित्येक बालकांत हा दोष जन्मजात असतो. गर्भावस्थेतील सोनोग्राफीतही तो दिसू शकतो. १९४९ साली अँडरसन व हाइन्स यांनी मांडलेली शस्त्रक्रिया आजही केली जाते. अरुंद भाग काढून नळी पुन्हा जोडतात आणि जोड भरून येईपर्यंत आत बहुधा स्टेंट ठेवतात.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, घरी पेढे वाटले गेले. त्यानंतरच्या फेरतपासणीत कागदावर काय लिहिले जाते, याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

जागतिक आरोग्य परिषदेने १९९० मध्ये संमत केलेल्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत जन्मजात अरुंदपणास क्यू ६२.१, जन्मजात नसलेल्या अडसराने मूत्रपिंड फुगल्यास एन १३.० आणि शस्त्रक्रियेनंतरच्या फेरतपासणीस झेड ०९.० असे संकेतांक आहेत. यांतील शेवटचा फसवा. उपचार पूर्ण झाला आणि तपासणीत रोग आढळला नाही, तरच तो योग्य. स्टेंट आत असेल तर उपचार अपुरा आहे. अडसर पुन्हा आढळला तर रोगाचाच संकेतांक द्यावा लागतो.

खरी अडचण पुढे आहे. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनीही सोनोग्राफीत फुगवटा दिसू शकतो. फुगलेले मूत्रपिंड सावकाश ओसरते, कधी पूर्ववत होतही नाही. म्हणून फुगवटा म्हणजे अडसर नव्हे. मूत्राचा निचरा होतो की नाही, हे किरणोत्सर्गी औषध टोचून केलेल्या रेनोग्राम तपासणीत अधिक स्पष्ट होते. डॉक्टरांनी केवळ ‘फुगवटा आहे’ एवढेच लिहिले, तर संकेतांक देणाऱ्या कर्मचाऱ्याने काय करावे? निदान करणे हे त्याचे काम नव्हे. त्याने डॉक्टरांना विचारले पाहिजे, आणि गर्दीच्या रुग्णालयात नेमके तेच राहून जाते.

अडसर असताना झेड ०९.० पडला, तर कागदोपत्री बालक बरे झालेले असते आणि मूत्रपिंड वेदनेवाचून निकामी होत जाऊ शकते. उलट, बऱ्या झालेल्या बालकाच्या नावे जुना संकेतांक दरवर्षी उतरवला गेला, तर पुढे विम्याच्या अर्जात तोच उभा राहतो.

पालकांनी डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढल्याची तारीख, शेवटच्या रेनोग्रामचा निष्कर्ष आणि ‘अडसर नाही’ वा ‘अडसर कायम’ हे शब्द पाहून घ्यावेत. मूत्रपिंड उजवे की डावे, हेही अक्षरांत लिहून घ्यावे. वरील संकेतांकांत ते येत नाही.