पापाचे वाटेकरी

एकाने केलेल्या पापाचा भार सर्वांनी वाहावा काय, या प्रश्नाची आपल्या परंपरेत दोन निराळी उत्तरे सापडतात. वाल्या कोळ्याची कथा लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. ज्यांच्या पोटासाठी त्याने वाटमारी केली, त्या घरच्या माणसांनी त्याच्या पापाचा वाटा घेण्यास साफ नकार दिला. महाभारतातील मौसलपर्वात मात्र याच्या नेमके उलटे घडते. द्वारकेतील काही उनाड तरुणांनी सांबाला गर्भिणीचा वेष देऊन ऋषींची थट्टा केली आणि शाप भोवला तो साऱ्या यादवकुळाला. मुसळाचे चूर्ण करून ते समुद्रात टाकण्यात आले. अपराध मात्र काही चूर्ण झाला नाही.

पण ही दुसरी कथा थोडी बारकाईने पाहावी. प्रभासक्षेत्री सात्यकीने आणि कृतवर्म्याने एकमेकांच्या जुन्या पातकांची उणीदुणी काढली, मद्याने धुंद झालेल्या ज्याने त्याने हाती एरका घेतली, आणि मग कुळ संपले. शाप एका थट्टेचा होता, हे खरे. परंतु हात सर्वांचे होते.

द्वारका हेच नाव आज दिल्लीच्या नैर्ऋत्येकडील एका विस्तीर्ण उपनगराला लाभले आहे. त्याला लागूनच पालमची जुनी वस्ती आहे. १९८४ साली या उपनगराची उंच घरे अद्याप उभी राहावयाची होती. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला पंतप्रधान इंदिरा गांधी यांची त्यांच्याच दोन अंगरक्षकांनी हत्या केली. हे दोघे शीख होते. एवढ्यावरून दिल्लीतील प्रत्येक पगडी अपराधी ठरली. पालम कॉलनीतील राजनगरात १ आणि २ नोव्हेंबरला पाच शिखांना ठार मारण्यात आले, तेथील गुरुद्वाराही जाळण्यात आला. सरकारी गणनेप्रमाणे त्या दिवसांत दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली. राजनगरच्या या प्रकरणात माजी खासदार सज्जन कुमार यांना दिल्ली उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली ती १७ डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे चौतीस वर्षांनी. सूड घेण्यास एक रात्रही पुरली. न्यायाला एक पिढी लागली.

हे सारे दिल्लीवर टाकून महाराष्ट्राला हात झटकता येणार नाहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीतच महात्माजींवर गोळ्या झाडणारा मनुष्य मराठी ब्राह्मण होता. त्यानंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत त्याच्या जातीची घरे केवळ आडनावावरून हुडकून जाळण्यात आली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. त्याच वर्षी लाल किल्ल्यात खटला चालला तो मात्र अगदी निराळ्या रीतीने. तेथे आठ आरोपींपैकी प्रत्येकाचा वाटा वेगळा तोलला गेला. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात दोघांना फाशी व पाचांना जन्मठेप झाली, एक निर्दोष सुटला. पुढे अपिलात आणखी दोघे सुटले. खून राष्ट्रपित्याचा होता, तरीही न्यायासनाने आडनाव पुरावा म्हणून स्वीकारले नाही. जमावाला दुसऱ्या पुराव्याची गरजच भासली नाही.

एक नासका आंबा आढी नासवितो, असे आपण म्हणतो. ते खोटे नाही. परंतु शहाणा बागवान आढी उलटून नासका आंबा वेचून काढतो. आढीला आग लावीत नाही. हे आढी तपासण्याचे काम त्या त्या समाजाचेच असते. आपल्यातील एखादा द्वेषाची भाषा बोलू लागला असता आपण हसलो काय, गप्प राहिलो काय, मनातल्या मनात सुखावलो काय, हे प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावेत. यास गुन्ह्याची कबुली म्हणत नाहीत. हे घर स्वच्छ राखण्याचे कर्तव्य आहे.

या बाबतीत स्वतः गांधीजींचे वर्तन बोलके आहे. दक्षिण आफ्रिकेतील फीनिक्स आश्रमात दोघांच्या हातून नैतिक स्खलन घडले, तेव्हा आश्रमाचा पालक या नात्याने गांधीजींनी सात दिवस उपवास केला. अपराध त्यांचा नव्हता. तरी त्याचा वाटा त्यांनी आपण होऊन उचलला. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः शीख. १९८४ च्या हत्याकांडात बळी पडला तो त्यांचाच समाज. तरीही ११ ऑगस्ट २००५ रोजी राज्यसभेत त्यांनी शीख समाजाची व राष्ट्राची क्षमा मागितली, ती शासनाच्या वतीने. ज्याने पाप केले नाही, त्यानेच त्याची लाज उचलली.

वाल्याच्या घरच्यांचे म्हणणे दंडापुरते खरे आहे, कारण शिक्षेला वाटेकरी नसतो. पण लाज आणि जबाबदारी यांना वाटेकरी असतात, आणि असावेत. मात्र हा वाटा आपल्या हाताने उचलावयाचा असतो. दुसऱ्याच्या दारात जाऊन, हाती मशाल घेऊन, तो वाटून देता येत नाही. जो तसा वाटावयास निघतो, तो पहिले पाप धुऊन काढीत नाही. स्वतःच्या समाजाच्या माथी मात्र दुसरे पाप मारून ठेवतो.