जुना मालट्रक आणि त्याचा नवा मालक

(पुण्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे उतरणाऱ्या मालाचे भाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येतात; ज्या गाडीतून तो माल आला तिची हकिकत कोठेच छापली जात नाही. या गाड्यांत एक वर्ग असा आहे, की ज्याचा चालक आणि मालक एकच असतो. दहा-पंधरा वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर राबलेला माणूस गाठीचे चार पैसे, बायकोचे दागिने आणि खाजगी वित्तसंस्थेचे कर्ज एकत्र करून जुना ट्रक घेतो. नव्या ट्रकची किंमत त्याच्या आवाक्याबाहेर असते. पुण्यात सोयीची गाडी मिळाली नाही, तर तो विजयपूर, हुबळी किंवा हैदराबादकडे वळतो. सौदा एका दिवसात होतो. गाडी कायद्याने त्याची होण्यास मात्र महिने लागतात. हे महिने कोणाच्या खिशातून जातात, हा प्रस्तुत विषय होय.

यात एक विसंगती आहे. पिंपरीच्या कारखान्यात बांधलेली गाडी कर्नाटकात नोंदली जाते, तेथे उमेद घालवते आणि उतारवयात पुण्यास परत येते, तेव्हा आपल्या जन्मगावीच ती परकी ठरते. १ जुलै १९८९ रोजी अमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची ४७ ते ५० ही कलमे तिला लागू होतात. प्रथम मूळ नोंदणी कार्यालयाकडून ना हरकत प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्यासाठी नमुना क्रमांक २८. त्यावर चासी क्रमांकाची पेन्सिलने उमटवलेली छाप. कर थकलेला नाही, गाडी चोरीची नाही, कर्जाचा बोजा उतरलेला आहे, अशी खात्री पटवावी लागते. मग नमुना २९ व ३० भरून मालकी बदलावयाची, नमुना २७ भरून महाराष्ट्राचा क्रमांक मागावयाचा. त्यानंतर येथील वाहनकर, २०१० साली आठ वर्षांहून जुन्या वाहतूक वाहनांवर बसवलेला पर्यावरण कर, योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि सरतेशेवटी परवाना. जुने नोंदणीपुस्तक कागदी असेल, तर त्यातील मजकूर आधी मूळ कार्यालयाने ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत चढवावा लागतो. मधल्या काळात कोणी इंजिन बदलले असेल आणि पुस्तकात त्याची नोंद नसेल, तर संगम पुलाजवळच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयातून पुन्हा शेकडो मैल मागे जाणे आले.

यांतील एकही अट मुळात निरर्थक नाही. चोरीच्या गाड्यांना आळा बसावा, राज्याचा कर बुडू नये, रस्त्यावरील माणसाचा जीव सुरक्षित राहावा, हे हेतू योग्यच आहेत. प्रश्न आहे तो त्या अटींचा भार कोणावर पडतो हा. पंचवीस गाड्यांच्या मालकाकडे यासाठी पगारी कारकून असतो. एका गाडीचा मालक कार्यालयाच्या रांगेत उभा असतो, तेव्हा त्याची गाडी उभी असते, आणि गाडी उभी असली तरी कर्जाचा हप्ता चालूच असतो. म्हणून तो दलालाला शरण जातो. किंवा त्याहून घातक मार्ग पत्करतो: विकणाऱ्याच्या सहीचे कोरे नमुने खिशात ठेवून परक्या नावावरच गाडी चालवतो. पुढे अपघात झाला, की मालक कोण हा वाद उभा राहतो. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच भरपाईस जबाबदार. म्हणजे गाडी विकून गावी गेलेला जुना चालकही या फासात अडकतो. दोन्ही टोकांना कष्टकरीच असतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

या गुंत्याचे मूळ घटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. वाहनांवरील कर हा राज्यसूचीतील ५७ वा विषय; यांत्रिक वाहने आणि त्यांवरील कराची तत्त्वे हा समवर्ती सूचीतील ३५ वा. कायदा केंद्राचा, महसूल राज्याचा. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाके उठले. मालाची वाट मोकळी झाली. माल वाहणाऱ्याच्या मालकीची वाट मात्र पूर्वीइतकीच अरुंद राहिली.

ही वाट मोकळी करणे शासनास जमत नाही, असेही नव्हे. सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ ही नोंदणीमालिका सुरू झाली. सैन्यदलातील व सरकारी नोकर, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांचे नोकर यांना बदली झाली तरी खाजगी गाडीचा क्रमांक बदलावा लागू नये, अशी ही सोय. वाहतुकीच्या वाहनांना ती नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी वेगळे नियम झाले. वीस हजार रुपये शुल्क भरले, की दहा वर्षांची नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा मानाचा क्रमांक. अट एवढीच, की प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन व दुरुस्ती यांखेरीज गाडी रस्त्यावर आणू नये आणि तिच्यावर धंदा करू नये. जुन्या वस्तूंची हौस वाईट नव्हे. परंतु जी गाडी काम करीत नाही तिच्या वार्धक्याचा गौरव, आणि जी काम करते तिच्या वार्धक्याला दंड, ही नीती कोणाच्या बाजूची आहे? कारण १ एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या नियमांनी पंधरा वर्षांहून जुन्या अवजड वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राचे शुल्क १२,५०० रुपये केले.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. जुना ट्रक धूर ओकतो, त्याचे ब्रेक दगा देऊ शकतात. आणि तो धूर प्रथम जातो तो चालकाच्या, हमालाच्या, रस्त्याकडेच्या झोपडीतील मुलाच्या छातीत. गरिबाच्या नावाने गरिबालाच विष पाजण्याचे समर्थन समाजवादी माणूस करू शकत नाही. तेव्हा मागणी चाचणी टाळण्याची नसावी. चाचणी गाडीची व्हावी, केवळ तिच्या वयाची नव्हे, अशी असावी. आणि गाडी मोडीत काढणेच इष्ट असेल, तर तिच्या मालकाला दुसरी घेता येईल असे स्वस्त कर्ज समाजाने द्यावे. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर अग्रक्रम क्षेत्रात लहान वाहतूकदारांचा समावेश झाला होता, तो याच विचाराने. ऑगस्ट २०२१ मधील वाहनमोडीच्या धोरणाचा जमाखर्च मांडताना या वचनाची आठवण ठेवली पाहिजे.

मागण्यांची वाट पाहत असताना हाती असलेला कायदा तरी वापरावा. कलम ४८ नुसार ना हरकत प्रमाणपत्राच्या अर्जाचा निकाल तीस दिवसांत दिला पाहिजे. नकार द्यावयाचा तर कारणे लेखी कळवली पाहिजेत. तीस दिवसांत नकार न कळवल्यास प्रमाणपत्र दिले असेच मानले जाते. हा हक्क किती चालकांना ठाऊक आहे? अर्जाची तारीखवार पोच मागून घेतल्याशिवाय तो सिद्ध करता येत नाही; आणि दलालाच्या हाती कागद दिला, की पोचही त्याच्याच खिशात जाते.

डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमालांची आणि रिक्षाचालकांची पंचायत उभी केली. पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला एकट्याने न मिळणारे हक्क संघटनेने मिळतात, हे या शहराने पाहिले आहे. १९६९ चा माथाडी कायदाही संघटित कष्टकऱ्यांच्या दबावातूनच आला. एका ट्रकच्या मालकाला मात्र आपण मालक असल्याच्या समाधानात संघटना परकी वाटते. वस्तुतः ती गाडी त्याची पूंजी कमी आणि हत्यार अधिक आहे; सुताराच्या रंध्यासारखे, शिंप्याच्या यंत्रासारखे. कार्यकर्त्यांनी मार्केट यार्डाशेजारी आठवड्यातून एक संध्याकाळ एक टेबल मांडावे, नमुने भरून द्यावेत, पोचांची नोंदवही ठेवावी आणि तीस दिवस उलटलेल्या अर्जांची यादी दरमहा परिवहन आयुक्तांकडे पाठवावी. कामाला एक टेबल आणि एक वही पुरेशी आहे. त्या वहीतील पाने भरत जातील, तसतसा आज एकेकट्याने रांगेत उभा राहणारा माणूस आपल्यासारख्या इतरांना ओळखू लागेल.