शाईची किंमत आणि लिहिणारा हात



जपानमधील पायलट या पेन तयार करणाऱ्या कंपनीने २००७ सालच्या अखेरीस 'इरोशिझुकू' या नावाने शायांची एक मालिका बाजारात आणली. इरोशिझुकू म्हणजे रंगाचा थेंब. त्या मालिकेतील एका शाईचे नाव 'चांदणी रात्र' अशा अर्थाचे, दुसरीचे 'रानद्राक्ष', तिसरीचे 'खोल समुद्र'. पन्नास मिलिलिटरची ही बाटली आज भारतात दीड-दोन हजार रुपयांच्या घरात पडते. फ्रान्समधील एर्बां ही पेढी आपला जन्म १६७० सालचा सांगते आणि त्या सालाच्या नावाने काढलेल्या शायांत चमकणारे सोनेरी कण मिसळते. तिची बाटलीही याच पंक्तीतली. माँब्लांच्या मर्यादित संख्येत काढलेल्या शायांची गोष्ट त्याहून वेगळी नाही.

२०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरील मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या बाईचे पाच-सहा दिवस एका बाटलीत मावतात. सभेत हा हिशेब मांडला की टाळ्या मिळतात. हिशेब खोटा नाही. परंतु रेशमी साडी, परदेशी मद्य, शहरी उपाहारगृहातले एक जेवण, कशालाही तो लावता येतो. आणि ज्या मापाने सगळेच दोषी ठरतात त्या मापाने कोणत्याच एका वस्तूचा उलगडा होत नाही. शाईसारख्या किरकोळ वस्तूकडे कार्यकर्त्याने लक्ष का द्यावे, याचे उत्तर त्या टाळ्यांच्या पलीकडे शोधले पाहिजे.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. फाउंटन पेनच्या शाईत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. उरलेल्या भागात रंगद्रव्य, शाई निबेवर वाळू नये म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखा पदार्थ, ओघ सुरळीत राहावा म्हणून साबणाच्या जातीचे एखादे द्रव्य आणि बुरशी धरू नये म्हणून किंचित औषध. युरोपात शतकानुशतके मायफळ, हिराकस आणि डिंक यांची शाई चालली. आपल्याकडे काजळ आणि डिंक यांची. शाई हा शब्दच फारसीतल्या 'सियाही'वरून, म्हणजे काळेपणावरून आलेला, त्यामुळे 'लाल शाई' हा शब्दप्रयोग मुळात वदतोव्याघात आहे, हे जाता जाता.

रंग स्वस्त झाला तो एकोणिसाव्या शतकात. १८५६ साली इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन या तरुण रसायनशास्त्रज्ञाला डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग मिळाला, आणि १८९७ मध्ये जर्मनीतील बी.ए.एस.एफ. या कारखान्याने कृत्रिम नीळ विकायला काढली. तिने चंपारणच्या निळीची बाजारपेठ मोडली; मळेवाल्यांनी आपला तोटा वाढीव खंडाच्या रूपाने रयतेवर ढकलला, आणि १९१७ साली गांधीजी तेथे पोहोचले तेव्हाच्या गाऱ्हाण्यांत हेही एक होते. स्वस्ताईचे मोल त्या वेळी कोणी दिले हे विसरू नये. परंतु त्यानंतर निळा रंग ही दुर्मिळ वस्तू राहिली नाही, हेही तितकेच खरे.

मग दीड-दोन हजार रुपये कशाचे? वाहतूक, आयातीवरील कर, विक्रेत्याचा नफा, ही उत्तरे तयार असतात आणि अंशत: बरोबरही असतात. परंतु एक उदाहरण असे आहे की जेथे ही सर्व कारणे बाजूला पडतात. याच पायलट कंपनीची साधी शाई ३५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत मिळत असे. बरीच वर्षे जपानमध्ये त्या बाटलीची किंमत दीड हजार येनच्या आसपास होती. इरोशिझुकूच्या पन्नास मिलिलिटरलाही तेवढेच येन पडत. कंपनी तीच, देश तोच, आयातकर नाही; तरीही थेंबामागे किंमत सातपट. रंगद्रव्ये वेगळी असतील, रंग जुळवण्यात अधिक मेहनत असेल, जाड काचेच्या बाटलीला खर्च येत असेल. हे सारे मान्य केले तरी सातपटीतील मोठा भाग नावाचा आहे. 'निळी' आणि 'चांदणी रात्र' यांतील अंतर रसायनशाळेत पडत नाही. मार्क्सने १८६७ साली वस्तूच्या अंगी येणाऱ्या गूढ तेजाविषयी जे लिहिले, त्याचे इतके सुटसुटीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

भारतीय बाजारात तर ही दरी अधिक रुंद आहे. साध्या देशी शाईची साठ मिलिलिटरची दौत पन्नास रुपयांच्या आतबाहेर मिळते. मिलिलिटरला मिलिलिटर लावून पाहिले तर परदेशी शाई चाळीस-पन्नासपट महाग पडते. शौकीन यावर म्हणतो की पानामागे खर्च पाहा. त्याचे म्हणणे टाकाऊ नाही. पेनात एका वेळी साधारण एक मिलिलिटर शाई मावते. आठवड्याला एकदा पेन भरणाऱ्या माणसाला एक बाटली वर्षभर पुरते. या दराने शाई चहाहूनही स्वस्त. अडचण अशी की शौकीन एका बाटलीवर थांबत नाही. जपानी भाषेत या छंदाला 'शाईची दलदल' असा शब्दच रूढ झाला आहे. कपाटात पन्नास बाटल्या असल्या की त्या संपवायला पन्नास वर्षे लागतील, आणि हे घेणाऱ्याला ठाऊक असते. तेथे उपयोगमूल्य संपते. पुन्हा त्या शायांची तांबूस लकाकी दिसायची तर ती शोषून न घेणारा कागद हवा. 'टोमोए रिव्हर' हा पातळ जपानी कागद त्यासाठी नावाजलेला. शाळकरी वहीच्या कागदावर ही शाई साध्या शाईसारखीच पसरते, क्वचित अधिक. म्हणजे शाईमागे कागद, कागदामागे निब, निबेमागे पेन.

व्हेब्लेनने १८९९ मध्ये दाखवण्यासाठी केलेल्या खर्चाची मीमांसा केली. ती येथे अर्धीच लागू पडते. घड्याळ मनगटावर दिसते, मोटार रस्त्यावर दिसते. शाईची बाटली टेबलाच्या खणात राहते. प्रदर्शन असते ते समानधर्मी मंडळींपुरते. उरलेला आनंद एकट्याचा आणि खराही असतो. ओल्या निळ्या रेषेचा वाळता वाळता बदलणारा रंग, निबेचा हलका आवाज, सावकाश उमटणारे अक्षर यांत सुख आहे, आणि ते नाकारणारा समाजवाद कोरडा होईल. विल्यम मॉरिस हा इंग्लंडमधला समाजवादी स्वत: सुंदर आणि महाग वस्तू घडवीत असे, १८६१ साली त्याने आपल्या मित्रांसह पेढी काढली आणि १८८३ मध्ये तो चळवळीत आला. श्रीमंतांच्याच दिवाणखान्यासाठी आपले हात राबतात, हे शल्य त्याला आयुष्यभर होते. सौंदर्याची ओढ सोडावी असे मात्र त्याने कधी म्हटले नाही. त्याची तक्रार वाटपाविषयी होती.

शाईच्याच क्षेत्रात एक उदाहरण कोबे शहराचे आहे. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात ते शहर उद्ध्वस्त झाले. पुढे २००७ पासून तेथील नागासावा या लेखनसाहित्याच्या दुकानाने शहरातील टेकड्या, धक्के, जुन्या वसाहती यांच्या रंगांच्या शाया काढायला सुरुवात केली. शहराला आपले रंग परत मिळावेत ही त्यामागची भावना. त्या शायाही आता जगभरचे संग्राहक विकत घेतात, बाजाराने त्यांनाही गिळले असे म्हणता येईल. पण मूळ कल्पना एका गावाच्या स्मृतीची होती, आणि ती कल्पना कोणत्याही मोठ्या पेढीच्या जाहिरातखात्यात जन्मली नव्हती. सर्व चैन एकाच तराजूत टाकणे म्हणूनच बरोबर नाही.

खरा प्रश्न आहे तो शाई चैनीची कशी झाली हा. ऑक्टोबर १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या गिंबल्स दुकानात बॉलपेन विक्रीस आले तेव्हा त्याला साडेबारा डॉलर पडत होते आणि ते नवलाईची, मिरवण्याची वस्तू होते. त्या वेळी शाई आणि दौत मात्र कारकुनाच्या टेबलावर, मुलाच्या दप्तरात होती. पुढच्या काही दशकांत दोघांनी जागा बदलल्या. बॉलपेन फेकून देण्याइतके स्वस्त झाले. शाईचे पेन रोजच्या गरजेतून निसटले आणि जे गरजेतून निसटते ते ज्यांच्याजवळ सवड आहे त्यांच्या हाती जाते.

आपल्या देशात तर शाई ही स्वदेशीची निशाणी होती. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईची पूड आणि वड्या तयार करण्यास प्रारंभ केला. त्यातूनच कॅमलिन उभी राहिली. बंगालमध्ये खादी प्रतिष्ठानचे रसायनज्ञ सतीशचंद्र दासगुप्त यांनी देशी शाईचे सूत्र तयार केले, आणि १९३४ मध्ये राजशाहीत मैत्र बंधूंनी 'सुलेखा' सुरू केली. परदेशी शाईने स्वराज्याचे अर्ज लिहू नयेत, इतका साधा त्यामागचा विचार. ही शाई सर्वांना परवडणारी असणे हा त्या उद्योगाचा हेतूच होता. जादवपूरचा सुलेखाचा कारखाना १९८०च्या दशकाच्या अखेरीस बंद पडला, २००६ मध्ये पुन्हा उघडला, आणि २०२० नंतर स्वराज्याच्या आठवणी जागवणाऱ्या नावांच्या शाया घेऊन तो हौशी ग्राहकासमोर आला. कामगारांना काम मिळाले हे चांगलेच झाले. पण विद्यार्थ्याची शाई संग्राहकाची शाई झाल्याशिवाय कारखाना चालत नाही, ही गोष्ट दु:खाची आहे. कॅमलिनमधील बहुसंख्य भागभांडवल २०११ मध्ये जपानच्या कोकुयो या कंपनीकडे गेले.

आज या देशात हाताने सर्वाधिक कोण लिहितो? अंगणवाडी सेविका लिहितात; मोबाइलवरील नोंदी आल्या तरी नोंदवह्या सुटल्या नाहीत. आशा कार्यकर्त्या लिहितात. पोलीस ठाण्यातला हवालदार लिहितो, तहसील कचेरीबाहेरचा दस्तलेखक लिहितो, पुण्याच्या अभ्यासिकेत बसलेली मुले तीन-तीन तासांचे पेपर सोडवतात. या सर्वांच्या हातात फेकून देण्याचे पेन असते. बॉलपेन कागदावर दाबावे लागते. शाईचे पेन केवळ टेकवले तरी लिहिते, म्हणून तासन्‌तास लिहिणाऱ्याचा अंगठा आणि मनगट त्याने कमी दुखते. हातावर कमी ताण टाकणारे साधन सर्वांत कमी लिहिणाऱ्याच्या खणात पडून आहे, आणि ज्याचे पोट लिहिण्यावर आहे त्याला ते माहीतही नाही. शाईच्या बाटलीतील विषमता दीड हजार रुपयांत जितकी आहे, त्याहून अधिक येथे आहे.

या विषमतेवर चैनीच्या शाईवरील कर हा इलाज नव्हे. त्यातून तिजोरीत फारसे पडणार नाही. छपाईयंत्रांच्या शाईची गोष्ट निराळी. तेथे यंत्र स्वस्त विकून शाईसाठी ग्राहकाला बांधून ठेवले जाते. कर आणि कायदा यांना खरे काम तेथे आहे. साध्या शाईबाबत हवे आहे ते असे चांगले पेन आणि अशी शाई, जी शाळेच्या कागदावर पसरणार नाही आणि सेविकेच्या खिशाला जड होणार नाही. शाई तयार करायला अवाढव्य कारखाना लागत नाही; केरळात पट्टांबीला निघणारी 'कृष्णा' शाई छोट्या प्रमाणावरच सुरू झाली. सहकारी संस्थेला, खादी भांडाराला, तालुक्याच्या महिला गटाला हे अशक्य नाही. सेविकांच्या संघटना मानधनाच्या मागण्यांबरोबर सादिल खर्चाचीही मागणी करतात. त्या खर्चात लेखनसाहित्य हे सदर असते. त्यात वह्या किती हे विचारले जाते, पेन कोणते आणि शाई कोणती हे सहसा विचारले जात नाही.