चांदी, तांबे आणि आपली मीटर-रूम
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



रौप्यमहोत्सव म्हणजे चांदीचा उत्सव. वीज असो वा उष्णता, वाहून नेण्यात सर्व धातूंत चांदीचा पहिला नंबर. तांबे अगदी थोडे मागे. भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक, म्हणून आपल्या भिंतींत तांब्याची वायर. बँकेत आयुष्य गेलेल्याला हा हिशेब लगेच पटतो!

स्वयंपाकघरातही तेच. स्टेनलेस स्टील तांब्याच्या मानाने उष्णता साधारण पंचवीसपट कमी नेते. म्हणून पातेल्याच्या बुडाला तांबे लावतात. नुसत्या स्टीलमध्ये आच एकाच जागी साचते आणि दूध लागते. मग बोलणी आम्हाला, गॅस बंद केला नाही म्हणून.

आता पाणी. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही, त्यात विरघळलेले क्षार ती नेतात. समुद्राचे पाणी नळाच्या पाण्याच्या शेकडो पट वीज नेते. आणि आपण राहतो खारीत! इकडे मिठागरे, पलीकडे खाडी.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस. आपल्याकडे खाली गुडघाभर पाणी. मी मीटर-रूमच्या लोखंडी दाराला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. पायात रबरी गमबूट होते, म्हणून आज बोलतोय. नंतर पाहिले तर अर्थिंगच्या पट्टीचा जोड गंजून सुटला होता. खारी हवा लोखंडाला सोडत नाही, आणि गंज वीज नीट नेत नाही.

एक गोष्ट आजवर बोललो नव्हतो. अर्थिंग दुरुस्तीचे कोटेशन आदल्या वर्षीच आले होते. खजिनदार मीच. त्यावर माझ्याच अक्षरात शेरा आहे : ‘पुढील वर्षी पाहू.’ त्या दाराशी मुले खेळायची हो.

गंमत बघा, अर्थिंगच्या खड्ड्यात कोळशाबरोबर मीठच घालतात. माती ओलसर राहावी, वीज जमिनीत सहज उतरावी म्हणून. उन्हाळ्यात माती सुकते, तेव्हा खड्ड्यात पाणी ओतावे लागते. दोन बादल्या पुरतात.

यंदाचे रीडिंग अजून घ्यायचे आहे. रविवारी दहाला इलेक्ट्रिशियन येतोय. कॉलेजातल्या मुलांनी खाली यावे, मीटर कसा लावतात ते दाखवतो. चावी माझ्याकडेच आहे.